शाळा उघडायची खरी, पण बाईंना कुणी विचारले?

कोरोनाच्या त्या दोन वर्षांत घरोघरी एकच प्रश्न ऐकू येई, 'शाळा केव्हा सुरू होणार हो?' घरात कोंडलेली मुले विचारत. त्यांच्यामागे दिवसभर ओरडून घसा बसलेल्या आया विचारत. उत्तर द्यायला पुष्कळ लोक पुढे आले. मंत्र्यांनी दिले, डॉक्टरांनी दिले, पालकांच्या संघटनांनी दिले, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांनी तर वरचेवर दिले. ज्यांना प्रत्यक्ष वर्गात जाऊन चाळीस-पन्नास मुलांसमोर उभे राहायचे होते, त्या शिक्षकांचे मत मात्र फारसे कुणी विचारले नाही. त्यांच्या वाट्याला आला तो एक शेरा, 'यांना काय, घरबसल्या पगार!'

मैत्रिणींनो, राग मानू नका, पण हा शेरा मी पापडीत भाजीच्या पाटीसमोर ऐकला आहे, इमारतीच्या जिन्यात ऐकला आहे आणि लग्नाच्या पंगतीतही ऐकला आहे. म्हणून साथ ओसरून बरेच दिवस झाल्यावर आमच्या भागातल्या ओळखीच्या शिक्षिकांशी एकदा सवडीने बोलायचे ठरवले. त्यांची नावे इथे देत नाही. नोकरी करणाऱ्या बाईने मोकळेपणाने बोलावे असे वाटत असेल, तर नाव गाळावेच लागते.

पापडी म्हणजे वसई रोड स्टेशनहून वसई गावाकडे जाताना वाटेत लागणारे ठिकाण. इथले चर्च आता वसई धर्मप्रांताचे कॅथेड्रल आहे, बाजार जुना आहे, आणि वाड्यांच्या मधून मधून इमारती उभ्या राहिल्या आहेत. शिक्षकी पेशाची परंपरा वसईत जुनी. एकाच घरात सासू निवृत्त शिक्षिका आणि सून नोकरीतली शिक्षिका, हे इथे नवलाचे नाही. मराठी शाळेतल्या त्या 'बाई', इंग्रजी शाळेतल्या त्या 'टीचर', एवढाच काय तो फरक. कुणी जवळच्या शाळेत शिकवते, कुणी सकाळची लोकल धरून मुंबईला जाते, कुणी महामार्गापलीकडच्या पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत.

आधी त्या दोन वर्षांची उजळणी करू, कारण आपल्या आठवणीत ती सगळी एकमेकांत मिसळून गेली आहेत. २०२० च्या मार्चच्या मध्याला शहरांतल्या शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता. तो आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. जून उजाडला तो पावसासह, पण दप्तरांशिवाय. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग भरवायला राज्य सरकारने परवानगी दिली आणि शेवटचा निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवला. मुंबईने आपल्या शाळा बंदच ठेवल्या. २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीची पाळी आली. तोवर दुसरी लाट येऊन थडकली आणि सारे पुन्हा बंद. त्या वर्षी दहावी-बारावीच्या परीक्षाही झाल्या नाहीत. ऑगस्टमध्ये शाळा उघडण्याचा निर्णय जाहीर झाला आणि डॉक्टरांच्या कृतिदलाने हरकत घेतल्यावर थांबला. अखेर ४ ऑक्टोबर २०२१ ला शहरांत आठवीपासून वरचे आणि खेड्यांत पाचवीपासून वरचे वर्ग भरले. अगदी धाकट्यांना १ डिसेंबरपर्यंत थांबावे लागले. ती जेमतेम रुळताहेत तोच जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा कुलूप, आणि २४ जानेवारीपासून पुन्हा उघडणे. घरातला दिवासुद्धा आपण इतक्या वेळा लावत-मालवत नाही.

या सगळ्या काळात शिक्षक 'घरबसल्या' होते का? लॉकडाऊनच्या पहिल्याच महिन्यांत कितीतरी शिक्षकांना साथीच्या कामाचे आदेश मिळाले. कुणाला तपासणी नाक्यावर बसवले, कुणाला रेशन दुकानावर, कुणाला घरोघर फिरून ताप मोजायला लावले. १५ सप्टेंबर २०२० ला 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली तेव्हाही अनेक ठिकाणी वह्या घेऊन दारोदार फिरणाऱ्यांत शिक्षिका होत्या. पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ मोजून पालकांच्या हाती देणे, हेही त्यांचेच काम. साथीच्या कामावर असताना मृत्यू आला तर ५० लाख रुपये, अशी तरतूद सरकारने केली होती. एक बाई म्हणाल्या की तो आकडा वाचून धीर येण्याऐवजी पोटात गोळा आला. आपल्या जिवाची किंमत कागदावर पाहिली की तसेच होणार.

शिवाय विनाअनुदानित शाळांतल्या टीचर. त्यांचा पगार पालकांच्या फीमधून येतो. फी थांबली की पगार अर्धा, काही महिने तोही नाही. वर्ग मात्र रोजचे, फोनवर. स्वयंपाकघरातल्या ओट्याला फोन टेकवून शिकवायचे, मागे कुकरची शिट्टी, शेजारच्या खोलीत स्वतःच्या मुलाचा वर्ग, आणि समोर चौकोनात मुलाच्या पाठीशी बसून 'टीचर बरोबर शिकवते का' हे पाहणारे आई-बाबा. आपल्यापैकी कितीजणी तशा बसल्या होत्या, आठवून पाहा.

आता मुख्य गोष्ट. मी प्रत्येकीला विचारले, तेव्हा तुमचे मत काय होते? शाळा उघडावी की बंद ठेवावी? मला वाटले होते, काही एका बाजूला असतील, काही दुसऱ्या. तसे झाले नाही. जवळजवळ प्रत्येकीने प्रश्नच दुरुस्त केला. उघडावी हे तर खरेच, पण कुणाच्या जोरावर, कुठल्या तयारीने आणि कोणते वर्ग आधी, हे विचारा ना! आणि एकच बाई नोव्हेंबर २०२० मध्ये 'नको' म्हणत होती आणि पुढच्या ऑक्टोबरात 'आता तरी उघडा' म्हणत होती. याला काही लोक धरसोड म्हणतील. मला त्यात हिशेब दिसला.

नोव्हेंबर २०२० चा हिशेब पाहा. लस नव्हती. देशात लसीकरण सुरू झाले तेच १६ जानेवारी २०२१ ला, आणि ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासून. शाळेत येण्यापूर्वी शिक्षकांनी कोरोनाची चाचणी करून घ्यायची होती. त्या चाचण्यांत राज्यभर अनेक शिक्षक बाधित निघाले, म्हणजे आदल्या आठवड्यापर्यंत ठणठणीत वाटणारी माणसे. नियम असे: एका बाकावर एक मूल, वर्ग अर्धा-अर्धा, रोज थोडेच तास, पालकांचे संमतिपत्र हवे, हजेरीची सक्ती नाही. संमतिपत्र पालकांचे! बाईंच्या घरच्यांचे संमतिपत्र कुणी मागितले नव्हते. घरी सत्तरीची सासू, मधुमेह असलेले यजमान, आणि बाई रोज शंभर मुलांच्या श्वासातून घरी येणार. दारातच आंघोळ, दारातच कपडे बादलीत. हे आपण भाजीवाल्याच्या पिशव्यांबाबतही करत होतो, मग बाईंची भीती आपल्याला फाजील का वाटली?

त्यात मुंबईला जाणाऱ्या बाईंचा प्रश्न निराळा. लोकल मार्च २०२० पासून सर्वसामान्यांना बंद. जूनमध्ये ती अत्यावश्यक सेवेतल्या लोकांपुरती सुरू झाली. २१ ऑक्टोबरपासून बायकांना प्रवासाची मुभा मिळाली, तीही दुपारी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. शाळेची घंटा त्या वेळांना वाजत नाही, एवढे साधे कुणाच्या ध्यानात आले नसावे. दहावी-बारावीच्या शिक्षकांना प्रवासाची परवानगी मिळायला आणखी काही दिवस गेले.

ही भीती पोकळ नव्हती, हे पुढे परदेशातल्या एका अभ्यासाने दाखवले. स्वीडनने २०२० च्या वसंतात सोळा वर्षांखालच्या मुलांच्या शाळा चालूच ठेवल्या आणि त्यापुढच्या वर्गांना घरून शिकवले. म्हणजे तुलना करायला आयतीच सोय झाली. शाळेत जाऊन शिकवणाऱ्या शिक्षकांना लागण होण्याचे प्रमाण घरून शिकवणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळले. मुलांच्या पालकांवर झालेला परिणाम त्या मानाने पुष्कळ कमी होता. तेव्हा 'शाळा उघडल्याने काही होत नाही' म्हणणारे पालक त्यांच्या जागी बरेचसे बरोबर होते आणि घाबरलेल्या बाई त्यांच्या जागी बरोबर होत्या. दोघींना आपापल्या घरातले दिसत होते.

पण हिशेबाची दुसरी बाजूही शिक्षकांनाच आधी दिसली. सगळ्यांत कळवळून बोलल्या त्या पहिली-दुसरीच्या बाई. दहावीचे मूल फोनवर रडतखडत शिकेल, पहिलीचे कसे शिकणार? अक्षर गिरवायला त्याचा हात हातात धरावा लागतो. 'श' म्हणताना बाईंचे ओठ दिसावे लागतात. आमच्या वसईत तर आणखी एक गोष्ट आहे. इथे घरोघरची बोली वेगळी. कुणाकडे सामवेदी, कुणाकडे वाडवळी, पाड्यावर वारली, चाळीत हिंदी. मूल पहिल्यांदा पुस्तकातली मराठी ऐकते ती बाईंच्या तोंडून. ही भाषेची देवाणघेवाण वर्गातल्या गोंगाटात होते, फोनच्या चौकोनात होत नाही. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असे घोषवाक्य होते. रोजचा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर येई, आणि २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागू लागली, ती चांगली होती. पण ज्या घरात एकच फोन आणि तो घेऊन बाप सकाळी कामाला जातो, त्या घरात शिक्षण सुरू आहे की बंद, हे बाईंना नेमके ठाऊक होते. संध्याकाळी सातनंतर 'बाई, आज काय दिलंय?' असा निरोप येई, तो बापाच्या फोनवरून.

बाईंनी जे अनुभवाने सांगितले तेच आकड्यांतही उतरले. अर्थतज्ज्ञ जाँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब घरांतली सुमारे १,४०० मुले पाहिली. खेड्यांत नियमित ऑनलाइन शिकणारी होती अवघी ८ टक्के, आणि अजिबात न शिकणारी ३७ टक्के. पुढे २०२२ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा धडा वाचू शकणारी २०.५ टक्केच भरली. २०१८ मध्ये हेच प्रमाण २७.३ टक्के होते. तेही काही अभिमानाचे नव्हते म्हणा.

आणि काही मुले तर वाचायला परत आलीच नाहीत. २०२० च्या मे महिन्यात वसईहून उत्तरेकडे श्रमिक गाड्या सुटल्या. सनसिटीच्या मैदानावर उन्हात जमलेली ती गर्दी आमच्यापैकी अनेकींनी पाहिली आहे. कारखान्यांतल्या मजुरांची मुले त्या गाड्यांतून गेली. पटावर नाव आहे, फोन लागत नाही, खोलीला दुसरा भाडेकरू. एका बाईंनी सांगितले, हजेरी घेताना त्या नावाशी त्या थांबत आणि मग पुढे जात. नाव खोडायला त्यांचे मन धजले नाही, ते पुढच्या वर्षी नियमाप्रमाणे गेले.

तेव्हा शिक्षिका दोन भयांच्या मध्ये उभ्या होत्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे भय आणि वर्गातल्या कोवळ्या मुलाचे भय. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोरोनाचे रुग्ण दगावले, तेव्हा वसईत कुणाला शाळेचे नावही काढवत नव्हते. त्या वातावरणात 'उघडा' म्हणणे सोपे नव्हते. लस आल्यावर मात्र पारडे फिरले. २०२१ च्या ऑगस्टअखेर केंद्र सरकारने दोन कोटींहून अधिक जादा मात्रा राज्यांना देऊ केल्या आणि शिक्षकदिनाच्या आत शिक्षकांना प्राधान्याने लस द्यावी असे सांगितले. माझ्या बाईंपैकी बऱ्याचजणींचे मत तिथे बदलले. हे दीड वर्ष आधी शक्य नव्हते हे मान्य. पण लस आल्यावर शिक्षकांचा नंबर पहिल्या रांगेत लागला असता, तर धाकट्यांचे वर्ग कदाचित काही महिने आधी भरले असते, असे त्यांना वाटते आणि मलाही वाटते.

उघड्या शाळेचा प्रयोग जगाला नवा नाही. १९१८ च्या फ्लूच्या साथीत अमेरिकेतल्या पुष्कळ शहरांनी शाळा बंद केल्या, पण न्यूयॉर्कने चालू ठेवल्या. तिथले आरोग्य अधिकारी डॉ. रॉयल कोपलँड यांचे म्हणणे असे की कोंदट चाळींतली मुले रस्त्यावर आणि जिन्यांत हिंडण्यापेक्षा स्वच्छ, हवेशीर शाळेत बरी. पण ते म्हणण्यापुरते नव्हते. शिक्षकांनी रोज सकाळी प्रत्येक मूल तपासायचे, शंका आली की शाळेच्या डॉक्टरकडे किंवा परिचारिकेकडे पाठवायचे, आजारी मुलाच्या घरी जाऊन चौकशी करायची, अशी व्यवस्था त्या शहरात साथीच्या आधीपासून उभी होती. त्याही आधी, क्षयाच्या भीतीने, १९०४ मध्ये बर्लिनजवळ उघड्या हवेवरची शाळा निघाली होती. आपल्याकडे २०२१ च्या जूनमध्ये हिवरे बाजारने गाव कोरोनामुक्त करून शाळा भरवली. सोलापुरात नीलमनगरच्या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत तर शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच धडे रंगवले, म्हणजे मूल जाता-येता वाचील. पापडीतल्या एका बाईंनी हे ऐकून लगेच विचारले, रंगाचे पैसे कुणी दिले? अनुभव बोलत होता. कारण शाळा उघडताना ताप मोजायचे यंत्र, जंतुनाशक, साबण, रोजची सफाई, या यादीसमोर खर्च कुणी करायचा हा रकाना बहुधा कोराच असे. मुख्याध्यापकांनी माजी विद्यार्थ्यांपुढे हात पसरले आणि बाईंनी आपल्या पर्सला.

साथीत शिक्षिकेने जीव धोक्यात घालावा की नाही, हा प्रश्न निघाला की आपल्याकडे सावित्रीबाईंचे नाव हटकून निघते. १८९७ च्या प्लेगात त्यांनी पुण्याबाहेर मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा केली, आजारी मुलाला पाठीवर घेऊन आणले, आणि १० मार्चला त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. ते थोर होतेच. पण ते त्यांनी स्वतः ठरवले होते, त्यांना आदेशाचा कागद आला नव्हता. तालुक्यातल्या प्रत्येक बाईने सावित्रीबाई व्हावे अशी अपेक्षा आपण पगाराच्या बदल्यात करू लागलो तर ते सावित्रीबाईंच्याही पचनी पडले नसते, असे माझे आपले मत.

पुन्हा अशी साथ आलीच तर शिक्षिकांना काय हवे? मी हेही विचारले. मागण्या ऐकून थक्क व्हाल इतक्या साध्या आहेत. बंद करताना मोठ्यांचे वर्ग आधी बंद करा, उघडताना पहिली-दुसरी आधी उघडा, आपण नेमके उलटे केले. उघडण्याची बातमी आदल्या रात्री टीव्हीवरून कळू नये, आठ दिवस आधी कागद यावा. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्या बाईंना घरून शिकवण्याचे काम द्या आणि त्यांच्या जागी वर्गावर कोण, ते आधीच ठरवा. खिडक्या उघडणाऱ्या असाव्यात. आणि नळाला पाणी! वसईकरांना टँकर म्हणजे काय ते सांगायला नको. वीस सेकंद हात धुवा ही पाटी मुलांनी पाठ केली, पण मधल्या सुट्टीत पाचशे मुलांनी वीस-वीस सेकंद हात धुवायला जेवढे पाणी लागते तेवढे कुठल्या शाळेच्या टाकीत असते?

जी मुले २०२० च्या जूनमध्ये पहिलीत जायची होती, ती आता प्राथमिकचे वर्ग ओलांडून पुढे निघाली आहेत. त्यांच्यातली काही अजून वाचताना बोट ठेवतात, जोडाक्षराशी अडखळतात आणि ते लपवायला शिकली आहेत, असे बाई सांगतात. तुमच्या घरी त्या वयाचे मूल असेल तर रात्रीची भांडी आटोपल्यावर त्याला दहा मिनिटे मोठ्याने वाचायला बसवा. वर्तमानपत्र चालेल, दुकानाची पाटी चालेल, या अंकातली पाककृतीही चालेल. अडखळला तर रागावू नका आणि शेजारच्या मुलाचे उदाहरण तर मुळीच देऊ नका. बाईंना मात्र जरूर सांगा. त्यांना ते अपमानाचे वाटत नाही, उलट सुटल्यासारखे वाटते.

त्यांची आपल्याकडे म्हणजे आयांकडे एक तक्रार आहे, ती कोरोनाच्या आधीची आणि नंतरचीही. सकाळी मुलाचे अंग गरम लागते. आपल्याला कामावर जायचे असते किंवा घरी पाहुणे यायचे असतात. आपण तापाची गोळी अर्धी मोडून दुधातून देतो, अंग जरा निवले की दप्तर पाठीवर. शाळा दुसऱ्या तासाला पोचते न पोचते तोच ताप परत चढतो. मग शिक्षकांच्या खोलीत दोन खुर्च्या जोडून त्याला निजवतात, अंगावर कुणाची तरी ओढणी घालतात, आणि बाई वर्ग सोडून आपला फोन लावत राहतात. तोवर त्याच्या बाकावरचा सोबती नाक पुसत पुढचा धडा वाचत असतो.